भूमीचा गुण आणि माणसाचा निर्णय

(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



यंदाच्या व्याख्यानासाठी आम्ही जो विषय घेतला आहे, तो वरकरणी आपल्यापासून फार दूरचा आहे. सतराव्या व अठराव्या शतकांत इंग्रजांनी उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ज्या वसाहती वसविल्या, त्यांचे अर्थजीवन तेथील भूमीने आणि हवामानाने कसे घडविले, हा तो विषय होय. तो निवडण्याचे कारण असे की, ‘आमचा मुलूखच तसा’, ‘आमच्या वाट्याला हीच जमीन आणि हाच धंदा’ अशी वाक्ये आपल्या घराघरांतून आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो आहोत. त्यांत तथ्य किती आणि निमित्त किती, हे तपासावयाचे तर एकाच देशाचे, एकच भाषा बोलणारे लोक थोड्याथोड्या वर्षांच्या अंतराने निरनिराळ्या हवामानांत जाऊन राहिले, तर काय घडते, हे पाहावयास हवे. असा दाखला इतिहासात क्वचितच मिळतो. या वसाहतींत तो मिळतो.

प्रथम या लोकांची एक चूक ध्यानात घेऊ. नकाशावरील अक्षांश पाहून हवामान ओळखता येते, अशी त्या काळच्या युरोपातील विद्वानांची समजूत होती. इंग्रजांची व्हर्जिनियातील पहिली टिकलेली वसाहत जेम्सटाऊन ही सुमारे ३७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, आणि स्पेनमधील सेव्हिल शहरही त्याच सुमारास आहे. तेव्हा सेव्हिलप्रमाणे येथेही द्राक्षे, ऑलिव्ह, संत्री आणि रेशीम पिकेल, असा हिशेब लंडनच्या व्यापाऱ्यांनी मांडला. बोस्टन आणि रोम हीसुद्धा जवळजवळ एकाच अक्षांशावरील शहरे. परंतु पश्चिम युरोपावर वाहणारे वारे समुद्रावरून येतात, तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हिवाळ्यात येणारे वारे मोठ्या भूखंडावरून येतात. त्यामुळे तेथील हिवाळा कडक आणि उन्हाळा दमट व तापदायक असतो. कागदावरचा हिशेब पहिल्याच वर्षी कोलमडला.

१६०७ सालच्या मे महिन्यात सुमारे १०४ माणसे जेम्सटाऊनला उतरली. जागा निवडताना स्पॅनिश गलबतांपासून बचाव कसा होईल एवढेच त्यांनी पाहिले. पाण्याचा विचार केला नाही. उन्हाळ्यात नदीचा प्रवाह क्षीण झाला की भरतीचे पाणी आत शिरे आणि पिण्याचे पाणी मचूळ होई. विषमज्वर, हगवण आणि भूक यांनी वस्ती पोखरून काढली. त्या प्रदेशातील जुन्या सायप्रस वृक्षांच्या खोडांतील वर्तुळे मोजून शास्त्रज्ञांनी असे दाखविले आहे की, १६०६ ते १६१२ ही सात वर्षे मागील ७०० हून अधिक वर्षांतील सर्वांत कोरडी होती. ज्या मूळ रहिवाशांच्या मक्यावर हे लोक विसंबून होते, त्यांच्याच कणग्या रिकाम्या पडल्या होत्या. १६०९–१० चा हिवाळा सरला तेव्हा वस्तीत सुमारे ६० माणसे जिवंत उरली होती.

या वसाहतीला तारले ते तंबाखूने. जॉन रॉल्फ नावाच्या वसाहतकाराने १६१२ च्या सुमारास वेस्ट इंडीजकडील गोड जातीचे बी लावून पाहिले आणि ते तेथील दमट उन्हाळ्यात उत्तम आले. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने १६०४ साली तंबाखूच्या निषेधार्थ एक पुस्तिकाच लिहिली होती. पण ग्राहकांनी राजाचे ऐकले नाही. १६१७ साली सुमारे २० हजार पौंड तंबाखू इंग्लंडला गेली, आणि शतक संपता संपता चेसापीक उपसागराभोवतीच्या वसाहतींतून वर्षाला काही कोटी पौंड तंबाखू जाऊ लागली.

आता भूगोलाने काय केले ते पाहावे. तंबाखू जमिनीचा कस फार लवकर शोषून घेते. तीन-चार पिके घेतली की ती जमीन पुष्कळ वर्षे पडीक ठेवावी लागे, म्हणून प्रत्येक मळेवाल्यास लागवडीखाली असे त्याच्या कितीतरी पट जमीन हाताशी हवी असे. ही जमीन रिकामी नव्हती. तेथे पौहॅटन व इतर मूळ जमातींची गावे व शेते होती, आणि ती हिसकावून घेतल्याखेरीज तंबाखूचा पसारा वाढणे शक्य नव्हते. दुसरी गोष्ट नद्यांची. जेम्स, यॉर्क, रॅपाहॅनॉक आणि पोटोमॅक या चारही नद्यांची मुखे रुंद व खोल असून भरती आत दूरवर जाते. लंडनचे जहाज थेट मळेवाल्याच्या धक्क्याला लागे, तंबाखूची पिपे भरून घेई आणि कापड, भांडी, लोखंडी अवजारे उतरवून परत जाई. ज्याच्या दाराशी बंदर आले, त्याला शहराची गरज काय? म्हणून व्हर्जिनियात फार काळपर्यंत नाव घेण्याजोगे शहर उभे राहिले नाही. गावठाण नाही म्हणून कारागिरांची आळी नाही, बाजारपेठ नाही आणि शाळाही विरळा. व्हर्जिनियाचा गव्हर्नर विल्यम बर्कली याने १६७१ साली इंग्लंडला पाठविलेल्या उत्तरात, आपल्याकडे मोफत शाळा आणि छापखाने नाहीत याबद्दल समाधानच व्यक्त केले होते.

आता उत्तरेकडे वळू. १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून १०२ प्रवासी आजच्या मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर गेले. पहिल्याच हिवाळ्यात त्यांपैकी जवळजवळ निम्मे मरण पावले. पुढे १६३० पासून मोठ्या संख्येने लोक येऊ लागले. न्यू इंग्लंड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रदेशावरून प्राचीन काळी हिमनद्या सरकत गेल्या होत्या. त्यांनी सुपीक थर खरवडून नेला आणि मागे दगडगोटे टाकले. शेतकरी दरवर्षी शेतातले दगड वेचून बांधावर रचीत, आणि पुढच्या हिवाळ्यातील गोठणाने जमिनीतून नवे दगड वर येत. पीक वाढण्याचा हंगाम जेमतेम पाच महिन्यांचा. तेथे तंबाखूचे वा भाताचे मोठाले मळे होणे शक्यच नव्हते.

परंतु जमीन जे देत नव्हती ते समुद्र देत होता. थंड व उष्ण सागरी प्रवाहांच्या भेटीच्या त्या भागात कॉड माशाचे अपार साठे होते. मासा पकडावा, मीठ लावून लाकडी मांडवांवर वाळवावा, उत्तम माल दक्षिण युरोपात विकावा आणि हलका माल वेस्ट इंडीजला पाठवावा, हा मोठा धंदा झाला. सुकी मासळी टिकविण्याचे महत्त्व आपल्या कोकणातील मंडळींना वेगळे सांगावयास नको. मासेमारीस होड्या हव्यात, आणि किनाऱ्यालगतच पांढऱ्या पाइनची व ओकची अरण्ये होती. मोठ्या पाइन वृक्षांच्या डोलकाठ्या इतक्या सरस होत की, १६९१ च्या सनदेने २४ इंचांहून अधिक व्यासाची झाडे इंग्लंडच्या आरमारासाठी राखून ठेविली. माशामागून होडी आली, होडीमागून जहाजबांधणी, आणि त्यामागून सुतार, लोहार, दोर वळणारे, शिडे शिवणारे, हिशेबनीस आणि विमेकरी आले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश व्यापारी जहाजांपैकी सुमारे एक-तृतीयांश जहाजे अमेरिकन वसाहतींत बांधलेली असत.

शेते लहान असल्याने घरे जवळजवळ राहिली आणि गावे झाली. गाव झाले म्हणून शाळेला जागा मिळाली. मॅसॅच्युसेट्सच्या १६४७ च्या कायद्याने पन्नास घरांच्या गावाने मुलांना लिहिण्यावाचण्यास शिकविणारा शिक्षक ठेवावा आणि शंभर घरांच्या गावाने वरच्या इयत्तेची शाळा काढावी, असे बंधन घातले. यामागे प्रत्येकाने बायबल स्वतः वाचले पाहिजे, हा त्या पंथाचा आग्रह होता. म्हणजे शाळा केवळ भूगोलाने आली नाही; भूगोलाने तिला गाव दिले आणि माणसांनी तिला कायदा दिला.

या प्रदेशाच्या कल्पकतेचे एक उदाहरण थोडे पुढच्या काळातले असले तरी सांगण्याजोगे आहे. १८३३ साली बोस्टनहून निघालेले ‘टस्कनी’ नावाचे जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याच्या दिशेने निघाले. भुशात बांधलेला तो बर्फ चार महिन्यांचा प्रवास करून पोहोचला, तेव्हाही त्यातला मोठा भाग शाबूत होता. पुढे हा बर्फ मुंबईतही येऊ लागला व येथे त्यासाठी बर्फघर बांधले गेले. ज्या थंडीने त्यांच्या पूर्वजांचे प्राण घेतले होते, ती थंडीच त्यांनी आपल्या उकाड्याला विकली.

या दोहोंच्या मध्ये पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्क. विल्यम पेन याला १६८१ साली सनद मिळाली, आणि पुढल्याच वर्षी फिलाडेल्फियाची आखणी झाली. चुनखडीवरील सकस जमीन, पुरेसा पाऊस आणि फार उग्र नसलेला हिवाळा यांमुळे येथे गहू उत्तम आला. गव्हाचा गुण तंबाखूहून निराळा. त्याला वर्षभर हात लागत नाहीत. पेरणीस व कापणीस घाई असते, एरवी कुटुंबाची माणसे पुरतात. आणि गहू नुसता पिकवून भागत नाही. तो दळावा लागतो, पिपांत भरावा लागतो, गाड्यांतून बंदरावर न्यावा लागतो. म्हणून ओढ्याओढ्यांवर पाणचक्क्या आल्या, पिपे करणारे आणि गाड्या बांधणारे आले, आणि शंभर वर्षांच्या आत फिलाडेल्फिया हे त्या वसाहतींतील सर्वांत मोठे शहर झाले.

येथवर ऐकून आपल्यापैकी कोणी म्हणेल की, मग सगळे भूमीनेच ठरविले. उत्तरेस दगड म्हणून स्वतंत्र कोळी व कारागीर झाले, आणि दक्षिणेस ऊन म्हणून गुलाम आले. पुष्कळ दिवस शाळेच्या पुस्तकांतूनही जवळजवळ असेच शिकविले जात असे. आमचा मुद्दा येथूनच सुरू होतो, कारण या विधानाचा पहिला अर्धा भाग बराचसा खरा असला, तरी दुसरा अर्धा खरा नाही.

व्हर्जिनियाचेच पाहावे. १६१९ साली आफ्रिकेतील वीसेक बंदिवान तेथे प्रथम आणले गेले हे खरे. परंतु त्यानंतरही सुमारे साठ वर्षे तंबाखूच्या शेतांत राबणारे बहुसंख्य लोक इंग्लंडहून काही वर्षांच्या कराराने आलेले गोरे मजूर होते. ऊन तेच, तंबाखू तीच, हिवताप तोच. पुढे इंग्लंडात मजुरी वाढल्याने असे करारबद्ध मजूर मिळेनासे झाले, गुलामांच्या व्यापाराचा पुरवठा वाढला, आणि १६८० नंतर मळेवाले गुलामांकडे वळले. म्हणजे बदल हवामानात झाला नाही. तो मजुरीच्या बाजारात आणि कायद्यात झाला.

दक्षिण कॅरोलायनाचा दाखला याहून बोलका आहे. तेथील भातशेती प्रसिद्ध आहे. नदीच्या भरतीबरोबर वर चढणारे गोडे पाणी बांध व झडपा यांच्या साहाय्याने शेतात घ्यावयाचे आणि ओहोटीबरोबर सोडून द्यावयाचे, अशी ती पद्धत. आपल्या गोव्याच्या व कोकणच्या खाजणांत खारे पाणी बाहेर ठेवण्यासाठी बांध घालतात, तर तेथे गोडे पाणी आत घेण्यासाठी घालीत, एवढाच भेद. पश्चिम आफ्रिकेतील भातशेतीच्या मुलखांतून आणलेल्या लोकांचे ज्ञान व श्रम या भातशेतीच्या मुळाशी होते, परंतु तिची संपत्ती त्यांच्या पदरी पडली नाही. मात्र काळाचा क्रम ध्यानात घ्यावा. चार्ल्सटाऊन १६७० साली वसले. त्यातील पुष्कळ वसाहतकार बार्बाडोस बेटावरून आपले गुलाम बरोबर घेऊनच आले होते. आणि भात हे मुख्य पीक झाले ते १६९० नंतर. भातासाठी गुलामगिरी आली, असे म्हणावे तर गुलामगिरी भाताच्या आधी येऊन बसलेली दिसते.

आणि आता जॉर्जिया. ही वसाहत १७३३ साली कॅरोलायनाच्या दक्षिणेस, म्हणजे आणखी उष्ण प्रदेशात वसली. तिच्या विश्वस्तांनी १७३५ साली कायद्याने गुलामगिरीस बंदी केली. यामागे केवळ भूतदया नव्हती. दक्षिणेस स्पेनचा फ्लोरिडा होता, आणि सीमेवर स्वतः कष्ट करून शस्त्र धरणारे छोटे शेतकरी असावेत असा त्यांचा हेतू होता. थोड्याच वर्षांत सव्हाना येथील काही वसाहतकारांनी तक्रार केली की, या उन्हात गोऱ्या माणसाकडून काम होणे अशक्य आहे, आणि शेजारच्या कॅरोलायनाशी टक्कर द्यावयाची तर गुलाम हवेतच. परंतु त्याच वसाहतीत एबेनेझर येथे जर्मन भाषा बोलणारे निर्वासित आणि डॅरियन येथे स्कॉटलंडच्या डोंगरी भागातील लोक राहात होते. या दोन्ही गावांनी १७३९ साली उलट अर्ज केले. स्कॉट लोकांनी लिहिले की, माणसाला जन्मभर दास करून ठेवणे हे निसर्गाच्याच विरुद्ध आहे. एबेनेझरच्या शेतकऱ्यांनी तर, येथे गोऱ्या माणसाला भात पिकविता येत नाही असे आम्हांस सांगण्यात आले होते, पण आम्ही ते पिकविले आहे, अशी साक्षच दिली.

ही साक्ष कोणी खोडून काढली नाही; तरीही ती टिकली नाही. कॅरोलायनातील मळेवाल्यांचा नफा समोर दिसत होता. १७५० साली विश्वस्तांनी माघार घेतली, १७५१ पासून बंदी उठली, आणि १७७५ च्या सुमारास जॉर्जियाच्या लोकसंख्येपैकी जवळजवळ निम्मे लोक गुलाम होते. या पंचवीस वर्षांत सव्हानाचे ऊन वाढले नव्हते. माणसांनी जे आधीच करावयाचे ठरविले होते, त्याला हवामानाची साक्ष काढली, इतकेच.

उत्तरेकडील लोकांचे हात स्वच्छ होते असे मात्र कोणी समजू नये. मॅसॅच्युसेट्सने १६४१ सालीच आपल्या कायद्यात गुलामगिरीस जागा ठेवली होती. त्यांची हलकी सुकी मासळी वेस्ट इंडीजमधील गुलामांच्या पोटात जात होती, आणि ऱ्होड आयलंडची जहाजे गुलामांच्या व्यापारात पुढे होती. न्यूयॉर्क शहरात अठराव्या शतकाच्या मध्यास सुमारे एक-पंचमांश लोक गुलाम होते. तेथे ना तंबाखू होती ना भात. उलटपक्षी, पेनसिल्व्हेनियातील जर्मनटाऊन गावच्या चार गृहस्थांनी १६८८ साली गुलामगिरीचा जो लेखी निषेध केला, तो त्या वसाहतींतील अशा निषेधांत सर्वांत जुना मानला जातो. थंड मुलखातही अन्याय होता आणि उष्ण मुलखातही न्यायाचा आवाज होता.

एक तारीख मात्र आपण विशेष लक्षात ठेवावी. १६६२ साली व्हर्जिनियाने कायदा केला की, मूल स्वतंत्र की गुलाम, हे त्याच्या आईच्या स्थितीवरून ठरेल. त्या दिवसापासून माणसाचे आयुष्य त्याच्या कर्तृत्वाने नव्हे, तर जन्माने ठरू लागले. कागदावरच्या एका ओळीने हे केले. पुढच्या पिढ्यांनी मात्र ती ओळ विसरून, हे सारे निसर्गानेच असे घडविले आहे असे मानले. ती ओळ पुसण्यास दोनशे वर्षे लागली, आणि १८६१ ते १८६५ चे यादवी युद्ध लढावे लागले.

त्या युद्धाची झळ आणि लाभ दोन्ही आपल्या प्रांतापर्यंत आले. अमेरिकेतील कापूस अडकल्याने मुंबईत कापसाचे भाव गगनास भिडले, खानदेश-वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या हाती पैसा खेळला, आणि १८६५ साली युद्ध संपताच तो डोलारा कोसळून पेढ्या बुडाल्या. एका पिकावर आणि एका भावावर विसंबणाऱ्याची गत व्हर्जिनियाच्या कर्जबाजारी मळेवाल्यांहून वेगळी होत नाही, हे आपण तेव्हा अनुभवले. याच भूमीत १८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केला. दूरच्या त्या इतिहासाचा आपल्याशी संबंध काय, हे त्या अर्पणपत्रिकेने दीडशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे. जन्मावरून माणसाचे काम, मान आणि मर्यादा ठरविण्याची रीत आपल्याला नवी नाही; आणि तीही निसर्गाची देणगी म्हणूनच आपल्याला सांगण्यात आली होती.

बंधुभगिनींनो, एका ज्ञातीच्या व्यासपीठावरून हे बोलणे आम्हांस योग्य वाटते, कारण बोलावयाचे ते आपल्या घरातच बोलले पाहिजे. भूमीचा गुण नाकारण्यात शहाणपण नाही. जेम्सटाऊनच्या लोकांनी पाण्याचा विचार केला नाही, त्याची किंमत त्यांनी प्राणांनी दिली. आपल्या मुलांनी शेती करावी, व्यापार करावा, कारखान्यात जावे की परदेशी जावे, हे ठरविताना पाऊस, जमीन, बंदर, बाजार या सर्वांचा विचार अवश्य करावा. परंतु भूमी एवढेच सांगते की, येथे काय पिकेल. कोणी राबावे, फळ कोणाच्या पदरी पडावे आणि कोणाच्या मुलाला शाळा मिळावी, हे भूमी सांगत नाही. ते माणसे ठरवितात. न्यू इंग्लंडच्या शंभर घरांच्या गावाने दगडी जमिनीवर शाळा काढली. आपल्या संघाच्या घरांची संख्या शंभरांहून कितीतरी अधिक आहे, आणि आपले दगड त्यांच्याहून कठीण नाहीत.

म्हणून पुढे कधी आपल्यापैकी कोणी, ‘आमचा मुलूखच तसा’, ‘त्या लोकांचा जन्मच तसा’ असे म्हणू लागला, तर त्याला एबेनेझरच्या शेतकऱ्यांची आठवण द्यावी. त्यांना अशक्य म्हणून सांगितलेले भात त्यांनी स्वतःच्या हातांनी पिकविले, आणि मग अर्ज लिहिला.